जहाजतोडणी यार्डात सुरक्षेची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न एका तरुण अभियंत्याचा आहे. जहाजतोडणीच्या यार्डात सुरक्षा अधिकारी म्हणून ते नुकतेच रुजू झाले आहेत. यार्डात हेल्मेट, बूट, हातमोजे, आग विझवण्याचे सिलिंडर असे सारे काही आहे, प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर प्रत्येक कामगाराची सही किंवा अंगठा आहे, तरीही कोणी भाजते, कोणी पडते, कोणी टाकीत बेशुद्ध होते. अशा वेळी सुरुवात नेमकी कोठून करावी, आणि जे आजार वीस-तीस वर्षांनी उघड होतात त्यांच्यासाठी आज काय करता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

या कामात माझी बावीस वर्षे गेली. त्यांतील पहिली सहा कटिंगच्या, म्हणजे गॅसच्या ज्योतीने लोखंड कापण्याच्या, देखरेखीवर आणि उरलेली सुरक्षेच्या बाजूने. तुमच्या यार्डातील हेल्मेटांची संख्या बरोबर असेल, याविषयी मला शंका नाही. पण ती हेल्मेटे घालून माणसे ज्या जहाजावर चढतात त्या जहाजात काय काय आहे, हे कटरची, म्हणजे लोखंड कापणाऱ्या कामगाराची, ज्योत पेटण्याआधी यार्डात कोणाला ठाऊक होते का, हा प्रश्न आधी विचारा. माझ्या पाहण्यातील बहुतेक गंभीर अपघातांत या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच निघाले. हेल्मेट, मास्क, पट्टा ही शेवटची तटबंदी आहे. अपघात होणार की नाही, हे त्याच्या पुष्कळ आधी, जहाज मोकळे आणि स्वच्छ करण्याच्या टप्प्यावर ठरलेले असते.

जहाज हे एकाच वेळी इंधनाचे कोठार, रसायनांचे गोदाम, वीजघर आणि दहा-बारा मजली इमारत असते, आणि ते बांधताना ज्या नकाशांच्या आधारे बांधले गेले ते नकाशे तोडताना बहुधा हाताशी नसतात. पंचवीस-तीस वर्षांच्या आयुष्यात त्याची डागडुजी किती बंदरांत झाली, कोठे नवी नळी टाकली गेली आणि कोठे जुनी तशीच बंद करून सोडली, हे शेवटच्या कप्तानालाही माहीत नसते. शिवाय शेवटच्या प्रवासाआधी जहाज रोख व्यवहार करणाऱ्या मध्यस्थाकडे जाते, ध्वज बदलतो, खलाशी बदलतात, आणि कागदपत्रांचा धागा तेथेच तुटतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जहाजतोडणीची गणना सर्वांत धोकादायक व्यवसायांत केली आहे, त्यामागे जड लोखंड आणि उंची यांच्याइतकेच हे अज्ञानही आहे.

१ नोव्हेंबर २०१६ रोजी पाकिस्तानातील गडानीच्या किनाऱ्यावर ‘एसेस’ या तेलवाहू जहाजावर तोडणी चालू असताना स्फोट झाला, आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि किमान २६ कामगार मरण पावले. पुढच्या जानेवारीत त्याच किनाऱ्यावर गॅसवाहू जहाजाला आग लागून आणखी ५ जण गेले. अशा घटनांनंतर वर्तमानपत्रांत ‘ठिणगी पडली’ असे छापून येते. जहाजतोडणीत ठिणगी तर दिवसभर, हजारोंनी पडतच असते, कारण ठिणगी हेच आमचे हत्यार आहे. म्हणून चौकशीचा प्रश्न ठिणगी कोठून आली हा नसतो. जळण्यासारखे काही तेथे उरले कसे, हा असतो.

म्हणून पहिले काम जहाजाच्या यादीचे. जहाजे सुरक्षितपणे तोडण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार २००९ मध्ये स्वीकारला गेला, भारताने त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली, त्याच वर्षी आपला जहाज पुनर्चक्रण कायदा झाला, आणि करार प्रत्यक्ष अमलात यायला २६ जून २०२५ उजाडले. त्यानुसार जहाजासोबत घातक पदार्थांची सूची यायला हवी: पहिल्या भागात जहाजाच्या रचनेत व यंत्रांत असलेले पदार्थ, दुसऱ्यात जहाज चालताना तयार झालेला कचरा, तिसऱ्यात साठ्यातील वस्तू. त्या सूचीवरून यार्डाने प्रत्येक जहाजासाठी स्वतंत्र तोडणी आराखडा करायचा असतो. माझा अनुभव असा की, सूची येते, पण निम्म्या ओळींपुढे ‘असण्याची शक्यता’ एवढेच लिहिलेले असते. ज्या ओळीपुढे ‘शक्यता’ आहे ती ओळ ‘आहे’ असे समजूनच काम करा, किंवा नमुना घेऊन तपासा. तिसरा मार्ग नाही. आणि तोडणी आराखडा मागच्या जहाजाच्या फाइलीतून नाव बदलून उतरवलेला आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासा. मी असा एक आराखडा पाहिला आहे ज्यात मालवाहू जहाजाच्या नावाखाली तेलवाहू जहाजाच्या बारा टाक्या धुण्याचे वेळापत्रक होते.

आता टाकीकडे येऊ, कारण माणसे सर्वांत शांतपणे तेथे मरतात. एकदा एका मालवाहू जहाजाची समतोलासाठी पाणी भरण्याची टाकी उघडली. टाकी कोरडी होती, तिच्यात आयुष्यभर समुद्राचे पाणीच भरलेले, तेलाचा थेंबही कधी गेलेला नव्हता, त्यामुळे मुकादमाने ती निर्धोक धरली होती आणि त्याचा एक हेल्पर शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा होता. झाकणापाशी वायू मोजण्याचे मीटर धरले तेव्हा ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. मीटरला नळी जोडून ती तीन मीटर खाली सोडली तेव्हा आकडा १८ वर आला, आणि नळी तळाशी टेकली तेव्हा ११ वर. त्या टाकीत विषारी असे काही नव्हते. आतले पोलाद महिनोन्‌महिने गंजत होते आणि गंज चढताना हवेतला ऑक्सिजन खात होते, एवढेच. त्या हेल्परला शिडीच्या निम्म्यावर गरगरले असते, हात सुटले असते, आणि त्याला काढायला दुसरा उतरला असता.

हा दुसरा माणूस फार महत्त्वाचा आहे. बंदिस्त जागेतील दुर्घटनांत एकामागून एक मरणारे बरेचदा वाचवायला गेलेलेच असतात, आणि ते बेपर्वा नसतात. आपला माणूस खाली पडलेला दिसल्यावर वर उभे राहणे माणसाला जमत नाही. म्हणून टाकीच्या तोंडाशी एक माणूस कायम ठेवा, त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नका, आत जाणाऱ्याच्या अंगात पट्टा आणि पट्ट्याला दोर असू द्या, वर तिपाईवर हातविंच असू द्या, आणि स्वतंत्र हवेचा श्वसनसंच घातल्याशिवाय वाचवायला कोणीही उतरायचे नाही हा एकच नियम इतक्यांदा सांगा की तो कंटाळवाणा व्हावा. तालीम मात्र प्रत्यक्ष करा. ऐंशी किलोचा पुतळा टाकीच्या तळापासून झाकणाबाहेर काढायला किती मिनिटे लागतात, हे एकदा घड्याळ लावून पाहिले की बचावाच्या योजनेत काय कमी आहे ते आपोआप कळते.

मापनाचा क्रमही ठरलेला आहे आणि त्याला कारण आहे. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. नेहमीच्या मीटरमधील ज्वलनशील वायूचा संवेदक तो वायू आपल्या तारेवर जाळूनच मोजत असतो. जाळायला ऑक्सिजन कमी पडला की तो खोटा, कमी आकडा दाखवतो. वाफ फारच दाट असली तरीही काही मीटरांचा काटा एकदम वर जाऊन पुन्हा शून्याकडे येतो, आणि घाईत पाहणाऱ्याला ते शून्य सुखावह वाटते. अमेरिकी जहाजगोदी नियमांत आत जाण्यासाठी ऑक्सिजन १९.५ ते २२ टक्के आणि ज्वलनशील वाफ तिच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या (हवेतील ज्या किमान प्रमाणाला ती पेट घेऊ शकते त्याच्या) १० टक्क्यांहून कमी, असे म्हटले आहे. माझ्या मते ज्योत पेटवायची असेल तेथे दहा टक्के हा आकडा दिलासा देणारा नाही, विचारायला लावणारा आहे: टाकी धुतली आहे, पंखा चालू आहे, तरी ही वाफ येते कोठून? कोठून येते ते सापडेपर्यंत थांबा.

ती बहुधा गंजाच्या खपल्यांखालून येते. धुतलेल्या टाकीच्या तळाशी आणि आडव्या फासळ्यांच्या कोपऱ्यांत तेलकट गाळ चिकटून राहतो, पहाटे पोलाद थंड असताना तो निपचित असतो, आणि दुपारी उन्हाने डेक तापला किंवा शेजारी कटिंग चालले की तो वाफ सोडू लागतो. सकाळी आठचा आकडा खरा असतो, पण तो सकाळी आठचाच असतो. वायुमुक्ततेचे प्रमाणपत्र हे दिवसभराचे अभयपत्र नव्हे, हे मालकांना पटवणे मला सर्वांत अवघड गेले. जेवणाच्या सुटीनंतर, पंखा बंद पडून पुन्हा सुरू केल्यावर, आणि नवीन नळी किंवा झडप उघडल्यावर पुन्हा मापन, असा नियम करा आणि प्रत्येक आकडा वेळेसह टाकीच्या तोंडाशी खडूने लिहा. कार्यालयातील नोंदवही कटर वाचत नाही; टाकीवरचा खडू वाचतो.

दोन जागा नेहमी विसरल्या जातात. पहिली म्हणजे कापायच्या पत्र्याची पलीकडची बाजू. कटर अलीकडे उभा असतो, पण उष्णता पलीकडे पोचते, आणि पलीकडे इंधनाची टाकी, फोमचे अस्तर किंवा लाकडी केबिन असू शकते. परमिटवर, म्हणजे ज्योत लावण्याच्या लेखी परवान्यावर, सही करण्याआधी स्वतः वळसा घालून पलीकडे जाऊन या; त्याला दहा मिनिटे लागतात. दुसरी जागा म्हणजे नळ्या. टाकी रिकामी केली तरी टाकीला जोडलेल्या नळीच्या खोलगट वळणात काही लिटर तेल उरते, दोन्हीकडच्या झडपा बंद असतात, आणि कटरची ज्योत त्या नळीला लागते तेव्हा ती नळी राहत नाही, बंदुकीची नाल होते. अशा नळ्यांना आधी हाताने किंवा हवेवर चालणाऱ्या ड्रिलने सर्वांत खालच्या ठिकाणी छिद्र पाडून, निथळू देऊन, मगच ज्योत लावायची असते. कामगारांना ही गोष्ट एकदा दाखवली की ते ती विसरत नाहीत. छिद्रातून काळा द्रव दहा मिनिटे ठिबकताना पाहणे पुरेसे असते.

कटिंगचा गॅस हा आणखी एक धोका, जो जहाजाने आणलेला नसून आपणच आत नेलेला असतो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, म्हणून गळती झाली तर तो वर उडून जात नाही, बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाच्या पोकळीत, पाण्यासारखा साचतो. ऑक्सिजन तर त्याहून फसवा, कारण त्याला वास नसतो आणि ‘ऑक्सिजन म्हणजे चांगला’ अशी समजूत असते. त्याचे प्रमाण २३ टक्क्यांच्या वर गेले की कपडे, केस, तेलकट चिंधी अशा वस्तू भडकून जळतात. उन्हाळ्यात घामाघूम झालेले कटर ऑक्सिजनची नळी सदऱ्यात धरून अंग गार करताना मी पाहिले आहेत, आणि त्यांतील एकाचा सदरा पुढच्याच मिनिटाला ठिणगीने पेटलेलाही पाहिला आहे. तो वाचला, पण छातीची कातडी गेली. त्यावर उपाय रागावणे हा नव्हता. टाकीत हवेचा पंखा नव्हता, म्हणून तो ऑक्सिजन वापरत होता. पंखा लावल्यावर ती सवय गेली. सुटीच्या वेळी आणि पाळी संपल्यावर नळ्या टाकीबाहेर काढायच्या, निदान सिलिंडरपाशी बंद करून सोडवायच्या, उलटी ज्योत रोखणाऱ्या झडपा दोन्ही टोकांना लावायच्या आणि सांधे रोज साबणाच्या पाण्याने तपासायचे, एवढे तरी विनाअपवाद झाले पाहिजे.

इंजिन रूमच्या आसपास एक खोली असते जिच्यात कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरांची रांग असते. ते पितळी झडपांसाठी लवकर विकले जातात, म्हणून भंगार काढणारे तेथे लवकर पोचतात. एक झडप चुकून उघडली तर इंजिन रूममधील माणसांना पळायला वेळ मिळत नाही. जहाज यार्डात आल्याच्या पहिल्या आठवड्यात ही खोली जाणत्या माणसाकडून निष्क्रिय करून घ्या, आणि तोवर तिला कुलूप. सांडपाण्याच्या टाकीतील हायड्रोजन सल्फाइडविषयी एवढेच सांगतो की, सडक्या अंड्यांचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नव्हे. प्रमाण वाढले की तो नाकाची जाणीवच बधिर करतो.

पडून आणि अंगावर पडून होणारे मृत्यू याहून अधिक दिसतात, आणि त्यांच्याबाबत लोक नशिबाची भाषा अधिक बोलतात. जहाजाला विकता येण्यासारखे जे पहिले निघते त्यात कठडे, शिड्या आणि झाकणे असतात, म्हणजे माणसाला पडण्यापासून अडवणाऱ्या वस्तूच आधी जातात. वीज बंद असते, आत अंधार असतो, आणि काल जेथे जमीन होती तेथे आज भोक असते. जहाज रोज बदलते, म्हणून सुटकेचा मार्गही रोज सकाळी चालून पाहावा लागतो. दोन वाटा, दोन्ही रंगाने आखलेल्या, दोन्हीवर दिवा. आणि त्यांच्यावरचे कठडे सर्वांत शेवटी विकायचे, मग भंगारवाला कितीही घाई करो.

मोठे तुकडे किनाऱ्यावर पाडण्याची पद्धत गुजरातेतील आलंग, बांगलादेशातील सीताकुंड आणि गडानी येथे भरती-ओहोटीच्या किनाऱ्यांवर रुजली, कारण तेथे जहाज सरळ चिखलात किंवा वाळूत चढवता येते. या पद्धतीत जड क्रेन जहाजाला लागू शकत नाही, आणि जखमी माणसापर्यंत रुग्णवाहिकाही पोचत नाही. भरती असेल तर त्याला उतरवायचे कसे, हाच प्रश्न होऊन बसतो. हाँगकाँग कराराने किनाऱ्यावर तोडण्यास बंदी घातलेली नाही, तर युरोपीय संघाच्या मान्य यार्डांच्या यादीत असे किनाऱ्यावरचे यार्ड नाही. या वादात माझे मत असे की, पक्क्या फरशीवर, पाण्याच्या निचऱ्यासह आणि क्रेनखाली तोडणे निर्विवाद अधिक सुरक्षित आहे. पण ज्याला आज किनाऱ्यावरच काम करायचे आहे त्याने निदान तुकडा कोणत्या बाजूला पडेल, शेवटचा काप कोठे असेल, आणि तो देणारा कटर कोणत्या वाटेने मागे हटेल, हे लोखंडावर खडूने आखून घेतल्याशिवाय ज्योत लावू देऊ नये. तुकडा ओढणाऱ्या विंचची वायर ताणलेली असताना तिच्या रेषेत आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या टप्प्यात कोणी नको. तुटलेली वायर सरळ जात नाही, चाबकासारखी फिरते. इशारा देणारा माणूस एकच असावा. दोन मुकादम दोन बाजूंनी हात हलवतात तेव्हा विंचवाला त्यातल्या मोठ्या आवाजाचे ऐकतो.

या साऱ्या उपायांच्या मुळाशी पैशाचा प्रश्न आहे, आणि तो टाळून सुरक्षेवर बोलणे मला अप्रामाणिक वाटते. कटरची टोळी टनांवर पैसे घेत असेल, तर पंखा लावून टाकी मोकळी होण्याची वाट पाहण्याचे चार तास ती टोळी आपल्या खिशातून भरते. मग ‘धोका वाटला तर काम थांबवण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हा फलक तिने कोणत्या तोंडाने वाचावा? मी ज्या एका यार्डात फरक पडलेला पाहिला तेथे वायुमापनासाठी, हवा खेळवण्यासाठी आणि परमिटची वाट पाहण्यासाठी गेलेला वेळ रोजंदारीच्या दराने वेगळा मोजायला सुरुवात झाली होती. तक्रारी कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या, कारण माणसे पहिल्यांदाच ‘थांबा’ म्हणू लागली. जेमतेम वाचलेल्या प्रसंगांच्या नोंदी वर्षभर शून्य असणाऱ्या यार्डाची मला जास्त भीती वाटते. कामगार बहुतेक दूरच्या राज्यांतून आलेले, मुकादमाच्या ओळखीने लागलेले आणि त्याच्याकडून उचल घेतलेले असतात. मुकादमाविरुद्ध ते सुरक्षा अधिकाऱ्याकडे येणार नाहीत. म्हणून मुकादमालाच परमिटच्या पद्धतीत जबाबदार धरा, त्याची सही घ्या, आणि प्रशिक्षण कामगाराच्या भाषेत, कागदाऐवजी जहाजावर द्या.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे. आजारांचे दुर्दैव असे की त्यांना आवाज नसतो. जुन्या जहाजांत अ‍ॅस्बेस्टॉस हे उष्णता अडवणारे तंतुमय खनिज बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांभोवतीच्या लेपात, गॅस्केटांत, केबिनच्या भिंतींच्या तक्त्यांत आणि दरवाजांत सापडतो. नव्या जहाजांवर त्याचा वापर २००२ पासून बहुतांशी आणि २०११ पासून पूर्णपणे बंद झाला, परंतु आज तोडायला येणारी अनेक जहाजे त्याआधीची आहेत. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, खोकलाही येत नाही, आणि फुफ्फुसांच्या आवरणाचा कर्करोग वीस ते पन्नास वर्षांनी होतो. तैवानमध्ये एकेकाळी जगातील सर्वांत मोठी जहाजतोडणी चालत असे. तेथील कामगारांचा पुढे दीर्घकाळ माग काढला तेव्हा कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. धूम्रपान करणाऱ्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका तर अनेक पटींनी वाढतो.

अ‍ॅस्बेस्टॉसबाबतची सर्वांत मोठी चूक म्हणजे लेप असलेल्या नळीवर थेट ज्योत चालवणे किंवा लेप हातोडीने फोडणे. तो आधी भिजवायचा, प्लास्टिकने बंद केलेल्या आणि आतली हवा गाळून बाहेर खेचणाऱ्या कक्षात, प्रशिक्षित माणसांनी पूर्ण चेहऱ्याच्या मास्कसह काढायचा, ओला असतानाच दुहेरी पिशवीत बंद करायचा, आणि बाकीचे कटर जवळ फिरकूही द्यायचे नाहीत. काम झाल्यावर अंघोळ यार्डातच, कपडे यार्डातच धुवायचे. कामगाराचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा कर्करोग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. अखंड दिसणारे तक्ते आणि दरवाजे जुन्या सामानाच्या बाजारात विकले जातात, तोही धोका पुढे ढकलण्याचाच प्रकार आहे. हा माल यार्डाबाहेर जाऊ देऊ नका, त्यातून मिळणारे पैसे कितीही दिसोत.

रंगाचे तसेच. जुन्या जहाजांच्या अस्तराच्या रंगात शिसे आणि क्रोमेट, तळाच्या रंगात कथिलाची संयुगे असतात, आणि ज्योत लागताच ती धुरात उतरतात. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा निदान १० सेंटिमीटर रंग आधी खरवडून काढावा, विशेषतः बंदिस्त जागेत. तोंडावर बांधलेला ओला रुमाल धुरातल्या शिशाला अडवत नाही. संध्याकाळी तो आतून किती काळा झालेला असतो हे कामगाराला दाखवले, तर मास्क वापरण्यावर व्याख्यान द्यावे लागत नाही. शिसे धुराइतकेच हातांवरून पोटात जाते, म्हणून जेवण, विडी आणि तंबाखू कामाच्या जागेवर नको, आणि जेवणाआधी साबण व वाहते पाणी हवेच. ही सोय मास्कच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य आहे, तरी ती नसलेली यार्डे मला मास्क नसलेल्या यार्डांपेक्षा अधिक भेटली.

दोन आजार यार्डातील दवाखान्यात चुकीच्या नावाने नोंदले जातात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, दुसऱ्या दिवशी उतरतो, आणि त्याला मलेरिया समजून गोळ्या दिल्या जातात. दुसरा अधिक गंभीर आहे. बंदिस्त जागेत कटरची ज्योत दीर्घकाळ जळली की हवेतील नायट्रोजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. कामगाराला त्या वेळी घसा खवखवण्यापलीकडे काही वाटत नाही, तो चालत खोलीवर जातो, जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरू लागते. रात्री धाप लागलेल्या कटरला ‘सकाळी पाहू’ म्हणून झोपवू नका; तो दिवसभर टाकीत होता का, एवढे विचारा आणि रुग्णालयात न्या. हे वाक्य खोल्यांवर राहणाऱ्या मुकादमांना पाठ असले पाहिजे, कारण त्या वेळी तुम्ही तेथे नसाल. तांब्यासाठी रात्री केबल जाळण्याचे प्रकार यार्डाच्या कुंपणाबाहेर होतात; जुन्या केबलांच्या आवरणात पीसीबी ही विषारी रसायने असू शकतात आणि जळताना त्यांतून आणखी विषारी द्रव्ये निघतात. केबल सोलण्याचे यंत्र यार्डात असेल, तर हे जाळणे बरेच थांबते.

राहता राहिली आरोग्य तपासणी. रुजू होताना छातीचा एक्स-रे, श्वसनक्षमतेची चाचणी, रक्तातील शिसे आणि श्रवणचाचणी, पुढे दरवर्षी तेच, आणि काम सोडतानाही. हे बहुतेकांना माहीत असते. पण यार्डाच्या कपाटात ठेवलेली ही फाइल कोणाच्या कामाची? जहाजतोड कामगार चार वर्षांनी गावी जातो, यार्डाचा भाडेपट्टा दुसऱ्याकडे जातो, कपाट रिकामे होते, आणि पंचवीस वर्षांनी दूरच्या जिल्ह्यातील डॉक्टर त्याला ‘आधी काय काम करत होता?’ असे विचारतो तेव्हा त्याच्याकडे सांगायला फक्त ‘लोखंड कापत होतो’ एवढे असते. म्हणून प्रत्येकाला एक पातळ, प्लास्टिकच्या आवरणातील पुस्तिका द्या: कोणत्या जहाजावर किती महिने, काम कोणते, इंजिन रूममध्ये होता का, अ‍ॅस्बेस्टॉसच्या टोळीत होता का, प्रत्येक तपासणीचा आकडा आणि एक्स-रेची प्रत. ती त्याच्याच हातात राहू द्या. आम्ही ही पद्धत सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी निम्म्या पुस्तिका हरवल्या. मग आम्ही पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्याच्या भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक छापायला लागलो, आणि नंतर एकही हरवली नाही.